देवाशी सख्य : ख्रिस्ती भक्तांचा एक विचार

नवविधा भक्तीत सातवी भक्ती दास्य आणि आठवी सख्य. श्रवणापासून निघालेला भक्त पायरी पायरीने वर चढतो, दास होतो, मग सखा होतो आणि शेवटी आत्मनिवेदन करून मोकळा होतो. कीर्तनात हा क्रम आपण इतक्यांदा ऐकतो की त्यात काही अवघड आहे असे वाटतच नाही. अर्जुन सखा, उद्धव सखा, सुदामा सखा. पेंद्या तर खेळगडीच. पण घटकाभर थांबून विचार करावा. ज्याने हे सारे ब्रह्मांड उभे केले त्याला आपण आपला गडी म्हणतो, हे बोलणे खरे की नुसते लाडाचे? आणि खरे असेल, तर त्या मैत्रीचे मोल कोणते, आणि ते द्यायचे कोणी?

हा प्रश्न काही आपल्याच संतांना पडला असे नाही. ख्रिस्ती भक्तांनीही तो शतकानुशतके मनात घोळवला आहे. त्यांना त्याचे जे उत्तर मिळाले, ते वारकऱ्याने एकदा नीट ऐकून घ्यावे असे आम्हांस वाटते. शेजारच्या घरी दिवा कसा लावतात ते पाहिले म्हणून आपल्या देव्हाऱ्यातला दिवा काही विझत नाही. झालीच तर आपली वात थोडी सारखी करावी असे मनात येते.

ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात, तो मुळात यहुदी लोकांचा धर्मग्रंथ. त्यात अब्राहाम नावाच्या महापुरुषाला देवाचा मित्र म्हटले आहे. मुसलमान बांधवही त्यांना त्याच अर्थाने खलील म्हणतात. हेब्रोन शहराचे अल-खलील हे अरबी नाव त्यावरूनच पडले. आता अब्राहामांनी मैत्रीत काय केले ते पाहा. सदोम नावाचे एक नगर पापाने भरले होते आणि त्याचा नाश करावा असे देवाच्या मनात आले. पण मनात आलेली ही गोष्ट अब्राहामापासून लपवून ठेवावी काय, असा विचार करून देवाने ती त्यांना सांगून टाकली. तेव्हा अब्राहाम पुढे सरसावले आणि चक्क घासाघीस करू लागले. नगरात 50 माणसे नीतीने वागणारी निघाली तर त्यांच्यासाठी नगर राखशील ना? देवाने हो म्हटले. मग 45 निघाली तर? 40? 30? 20? असे करता करता ते 10 वर आले. बाजारात भाजीवालीशी करावी तशी ही घासाघीस, पण स्वतःसाठी एक पैसुद्धा मागितलेली नाही. सगळी मागणी परक्या नगरासाठी, तीही पाप्यांच्या नगरासाठी. पुढे तिथे दहासुद्धा सापडले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मोशे यांचीही तीच कथा. ते सीनाय पर्वतावर असताना खाली लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा मांडली. देव कोपला. मोशेंनी त्या लोकांसाठी गयावया केली, आणि यांना क्षमा करायची नसेल तर तुझ्या वहीतून माझेच नाव खोडून टाक, असे ते म्हणाले. याच्या पुढच्याच अध्यायात सांगितले आहे, की माणूस मित्राशी बोलतो तसा देव मोशेंशी समोरासमोर बोलत असे. म्हणजे मैत्रीची दोन लक्षणे इथेच हाती लागतात. मित्राला देवाच्या मनातले कळते, हे एक. आणि ती जवळीक मित्र दुसऱ्यांसाठी खर्च करतो, हे दुसरे. वशिला लावावा तर असा लावावा!

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायापासून येशू ख्रिस्तांच्या शेवटच्या रात्रीचे वर्णन आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना क्रुसावर चढवायचे होते. शिष्यांबरोबर जेवायला बसले असता येशू पानावरून उठले. अंगावरचे वरचे वस्त्र काढून ठेवले, कमरेला पंचा बांधला, घंगाळात पाणी घेतले आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन पुसू लागले. धुळीच्या वाटा आणि पायांत नुसत्या वहाणा, असा तो देश. पाहुण्याचे पाय धुणे हे घरातल्या अगदी खालच्या नोकराचे काम. पेत्र नावाचा शिष्य संकोचाने पाय मागे घेऊन म्हणाला की माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. तेव्हा येशूंनी त्याला बजावले, की तू धुऊ दिले नाहीस तर तुझा-माझा काही संबंध उरणार नाही. त्या पंगतीत यहूदाही होता. थोड्याच वेळाने तो त्यांना शत्रूच्या हाती देणार हे येशूंना माहीत होते. पण पाय त्याचेही धुतले.

यानंतर त्याच रात्री, पंधराव्या अध्यायात, ते प्रसिद्ध बोलणे येते. येशू शिष्यांना सांगतात की यापुढे मी तुम्हांला दास म्हणणार नाही, कारण धनी काय करतो ते दासाला ठाऊक नसते. तुम्हांला मी मित्र म्हटले आहे, कारण पित्याकडून जे जे मी ऐकले ते सारे तुम्हांला कळवले आहे. इथे दास या अर्थी मूळ ग्रीक भाषेतला जो शब्द आहे, तो मजुरीवर ठेवलेल्या गड्याचा नव्हे, तो धन्याच्या मालकीच्या गुलामाचा शब्द आहे. त्या काळी घराघरांतून असे गुलाम असत. म्हणजे ज्यांनी स्वतः गुलामाचे काम करून दाखवले, तेच शिष्यांना म्हणतात की तुम्ही आता गुलाम नाही.

पण याच बोलण्यात एक गाठ आहे. येशू म्हणतात की मी सांगतो तसे वागलात तर तुम्ही माझे मित्र. आता कोणी भाविक म्हणेल, "अहो बुवा, ही कसली मैत्री? आज्ञा पाळली तर मित्र, नाही तर नाही! मग दासात आणि मित्रात फरक तो काय राहिला? मित्र कधी मित्राला हुकूम सोडतो का?" शंका रास्त आहे. ती झटकून टाकली तर या विषयातला गाभाच हातातून निसटेल.

तिचे उत्तर त्या बोलण्यातच आहे. आज्ञा दासालाही आहे आणि मित्रालाही आहे. फरक जाणण्याचा आहे. दास सांगितले तेवढे करतो. का करायचे, कशासाठी करायचे, हे त्याला कळत नाही आणि कोणी सांगतही नाही. मित्राला धन्याचे मन कळलेले असते, म्हणून तो जे करतो ते आतून करतो. घरातलीच गोष्ट घ्या. आषाढात पेरणीची घाई आहे. रोजाने आलेला माणूस दिवस मावळला की टोपले खाली ठेवतो; त्याची मजुरी तेवढीच. घरचा मुलगा मात्र आभाळ पाहतो आणि बापाने न सांगताच उरलेले दोन तास उरकून घेतो. काम दोघांचे एकच. पण एकाला हुकूम ठाऊक आहे, तर दुसऱ्याला त्या हुकमामागची काळजी ठाऊक आहे. शिवाय ही आज्ञा तरी कोणती? ती एकच आहे : मी तुमच्यावर जसे प्रेम केले तसे तुम्ही एकमेकांवर करा. माझी सेवा करा, माझ्या पाया पडा, असे काही त्या रात्री त्यांनी मागितले नाही. आज्ञा देवाची, पण तिचा लाभ शेजाऱ्याला.

या जागी आपल्याला गीतेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. चौथ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला जुना योग सांगतात तो का? तर तू माझा भक्त आहेस आणि सखा आहेस, म्हणून हे रहस्य तुला सांगतो, असे कारण देतात. तिथेही सख्याची खूण रहस्य वाटून घेणे हीच. मात्र अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर तोच अर्जुन थरथरतो आणि आजवर अरे कृष्णा, अरे मित्रा म्हणून थट्टा केली त्याची क्षमा मागतो. सख्याला आदर सुटत नाही, आणि आदराने सख्य तुटत नाही. हे दोन्ही एका हृदयात कसे मावते, हेच तर कोडे आहे.

ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यांनी मैत्रीवर फार खोल विचार केला होता. त्यांचे म्हणणे असे, की मैत्रीत थोडे उणेअधिक चालते, पण अंतर फारच वाढले तर मैत्री टिकत नाही. आणि देव व माणूस यांत असे अंतर आहे. तर्काने पाहता हे खोडता येत नाही. मुंगीची आणि हत्तीची मैत्री कशी व्हावी? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती आचार्यांनी ॲरिस्टॉटल यांचाच आधार घेऊन याचे उत्तर दिले. मैत्रीला काहीतरी दोघांत समाईक लागते, हे त्यांना मान्य. पण ते समाईक माणसाने मिळवायचे नाही. देवच आपल्या आनंदात माणसाला वाटा देतो, आणि त्या वाट्यावर मैत्रीचा पाया बसतो. म्हणून माणसाचे देवावरचे जे खरे प्रेम, ते मैत्रीच आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला. सोप्या भाषेत सांगायचे तर मुंगी हत्तीएवढी होत नाही. हत्तीच गुडघे टेकून खाली बसतो.

आणि इथेच ख्रिस्ती विचारातले सर्वांत मोठे सांगणे आमच्या ध्यानात येते. आपण दास्य, सख्य, आत्मनिवेदन या तीन पायऱ्या भक्ताने चढायच्या असे समजतो. त्या रात्रीचा आणि दुसऱ्या दिवसाचा क्रम पाहा. आधी पाय धुणे, ते दास्य. मग मित्र म्हणणे, ते सख्य. मग मित्रांसाठी प्राण देणे, ते आत्मनिवेदन. याहून मोठे प्रेम नाही असे त्यांनीच त्या रात्री सांगून ठेवले होते. पायऱ्या त्याच, क्रमही तोच. पण त्या आधी देवाने चालून दाखवल्या, भक्ताने नव्हे, अशी ख्रिस्ती भक्तांची श्रद्धा आहे. तुम्ही मला निवडले नाही, मी तुम्हांला निवडले, असेही येशू त्यांना म्हणतात. म्हणून देवाला मित्र म्हणणे हा माणसाचा आगाऊपणा ठरत नाही. पहिली हाक पलीकडून आलेली आहे. माणसाने फक्त ओ द्यायची आहे. भक्ताने वीट फेकली आणि देव तिच्यावर उभा राहिला, ही कथा ज्यांच्या नित्य स्मरणात आहे, त्यांना हे समजायला वेळ लागू नये.

पण ओ देणे सोपे का आहे? पेत्राचेच पाहा. त्याच रात्री त्याने छातीठोकपणे सांगितले की तुमच्यासाठी मी प्राण देईन. येशू म्हणाले, कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील. झालेही तसेच. येशूंना पकडून नेले, थंडी होती, महायाजकाच्या अंगणात नोकरांनी कोळशांची शेकोटी पेटवली होती. पेत्र तिथे शेकत उभा राहिला आणि तीनदा म्हणाला की मी त्या माणसाचा नव्हे. आपल्याकडे गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवरायांचे मडके कच्चे ठरले, ही कथा आपण जाणतो. देवाशी रोज बोलणारे नामदेवराय! जवळीक होती, पण त्या जवळिकीचाच अभिमान आत राहिला होता. त्यांना विसोबा खेचरांकडे जावे लागले. पेत्राचे मडके शेकोटीपाशी कच्चे ठरले.

मग ते पक्के कसे झाले? ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे येशू पुन्हा उठले आणि गालीलच्या सरोवराकाठी शिष्यांना भेटले. तिथेही कोळशांचा विस्तव होता, त्यावर मासळी होती, भाकर होती. येशूंनी आधी त्यांना जेवू घातले. मग पेत्राला तीनदा विचारले, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा विचारले. का नाकारलेस, असे एकदाही विचारले नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर एकच काम सांगितले, की माझ्या मेंढरांना सांभाळ. रागावणे नाही, शिक्षा नाही. पण सूट तरी कुठे आहे? प्रेम आहे म्हणतोस ना, मग जा आणि माझ्या माणसांची काळजी घे. मोडलेली मैत्री अशी जोडली जाते.

आमच्या मते या विषयात खरी कसोटी इथेच लागते. देव माझा मित्र, असे म्हणण्यात दोन फसवणुकी दडलेल्या असतात. पहिली अशी, की आता मला काही त्रास होणार नाही. स्पेन देशातील अव्हिला गावच्या संत तेरेसा (1515–1582) यांच्या मते प्रार्थना म्हणजे केवळ पाठ म्हणणे नव्हे. आपल्यावर ज्याचा जीव आहे त्याच्याजवळ वारंवार एकांतात बसून मित्राशी बोलावे तसे बोलणे, ती प्रार्थना. त्यांच्याविषयी एक कथा सांगतात. पुराच्या पाण्यातून जाताना त्या प्रवाहात पडल्या, पायाला लागले, आणि त्यांनी देवाकडे गाऱ्हाणे केले. देव म्हणाला, मी माझ्या मित्रांना असेच वागवतो. तेरेसा म्हणाल्या, म्हणूनच तुला मित्र इतके थोडे! कथा घडली असो वा नसो, तिच्यातला भाव खरा आहे. असे भांडण मित्राशीच होते. आपल्या संतांनी विठोबाशी मांडलेले भांडण ज्यांनी ऐकले आहे, त्यांना यात परके काही वाटणार नाही. तेरेसा भांडल्या, पण वाट सोडली नाही. आजारी देहाने त्या मठ स्थापत फिरतच राहिल्या.

दुसरी फसवणूक अधिक बारीक आहे. देव माझा मित्र, म्हणजे माझ्या एकट्याचा, तुझा नव्हे. येशूंना लोक टोमणा मारीत तो काय होता? जकातदारांचा आणि पाप्यांचा मित्र, असा. रोमी सत्तेसाठी कर गोळा करणाऱ्या जकातदारांची लोकांना फार चीड होती. येशू त्यांच्या पंगतीला बसत. टोमणा म्हणून फेकलेला तो शब्द ख्रिस्ती लोकांनी पुढे भूषण म्हणून जपला. आता ज्याचे मित्र असे, त्याच्याशी मैत्री जोडायची तर त्याच्या मित्रांनाही घरात घ्यावे लागते. हे जड जाते. देव हवा असतो, त्याचा गोतावळा नको असतो.

तो गोतावळा पत्करणाऱ्यांत बेल्जियमचे फादर डेमियन (1840–1889) यांचे नाव घ्यावे लागेल. हवाई बेटांतील कुष्ठरोग्यांना त्या काळी मोलोकाई बेटावर नेऊन सोडीत. 1873 साली हे धर्मगुरू तिथे गेले. त्यांनी जखमा धुतल्या, घरे बांधली, मेलेल्यांसाठी पेट्या केल्या, खड्डे खणले. प्रवचनात ते त्या रोग्यांना वेगळे धरून बोलत नसत, स्वतःला त्यांच्यातच मोजत. पुढे तो रोग त्यांना खरोखरच जडला आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. 2009 साली पोपनी त्यांना संतपद दिले. मित्राला देवाच्या मनातले कळते, असे वर म्हटले. डेमियन यांना काय कळले होते, ते सांगायला ग्रंथ लागत नाही.

मराठी मातीतही हा विचार रुजला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी 1895 साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली आणि ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणून आळवले. दोन प्रवाहांमधला तो पूल आजही शाबूत आहे. मात्र पूल आहे म्हणजे दोन काठ एकच, असे समजू नये. ख्रिस्ती मताप्रमाणे जीव आणि देव कितीही जवळ आले तरी दोनच राहतात. मैत्रीला दोघे लागतात, असे ते म्हणतील. आपल्याकडे सख्याच्या पुढे आत्मनिवेदनाची पायरी आहे आणि तिथे दोनपण मावळते. तरीही भक्तीच्या गोडीसाठी आपले संत पुन्हा दोन होतात. हा भेद मोठा आहे आणि तो झाकण्यात काही धर्म नाही. पण दोन्ही वाटांवर एक नाका समान आहे : तू देवाचा सखा, तर तुझ्या जवळिकीचा दुसऱ्याला काय उपयोग झाला?

पवित्र गुरुवारी ख्रिस्ती मंदिरांतून धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात, त्या रात्रीची आठवण म्हणून. आपल्याकडे वारीत लहान-थोर एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात आणि एकमेकांना माउली म्हणतात. दोन्ही रीती सुंदर आहेत, आणि दोन्हींना एकच धोका आहे. ती रीत तेवढ्या दिवसापुरती राहिली, तर पंचा वाळत पडतो आणि घंगाळ माळ्यावर जाते. वारीत ज्याच्या पायांवर डोके ठेवले, तोच गावी आल्यावर बांधाच्या वादात उभा राहिला, म्हणजे आपण त्याला काय म्हणतो? तिथे आपले सख्य पक्के की कच्चे ते कळते. देवाने मित्र म्हटले, यात त्याची थोरवी आहे. त्याचे मन ओळखून त्याच्या माणसांशी नीट वागणे, एवढेच आपल्याकडे उरते. तेवढे जमले तर दास म्हणा की सखा म्हणा, नावावाचून काही अडत नाही.

रामकृष्णहरी.